मे महिन्यातला कॉम्प्युटर
अमळनेरला दुपारी पारा ४४-४५ अंशांवर गेला की माझा कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा. दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड गेला. मला पटेना, सकाळी तर तो तासन्‌तास नीट चालायचा. एकदा बंद पडल्यावर लगेच बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, पाहिलं: प्रोसेसर ९२ अंश! कॅबिनेट उघडलं, तर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांत धुळीचा थर आणि त्या दोघांमधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. आई म्हणाली, "त्याले बी ऊन लागनं का रे?" अगदी तेच. ब्रशने धूळ काढली, जुनी पेस्ट पुसली, मटाराएवढी नवी लावली. जास्त लावू नका. तिचं काम दोन धातूंमधली हवेची फट भरण्यापुरतंच. आता भर दुपारीही ७० च्या आत असतो. कूलरसमोर मात्र ठेवत नाही, ओलाव्याची भीती वाटते.