सपाटीवर राहून घाटाची तयारी

राइडची नोंद उघडली की हल्ली सरासरी वेगाकडे बघायचं नाही असं ठरवलंय. बघायचं ते पॅडल किती वेळ थांबलं होतं. सपाटीवर सिग्नल येतो, वळण येतं, पुढच्या सायकलचा आडोसा मिळतो आणि पाय नकळत विसावतात. घाटात पाय थांबले की दोन-तीन सेकंदांत सायकलही थांबते. फ्रान्समधल्या आल्प द्युएझ घाटाचा चढ १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के. सायकलसकट ८० किलो वजन धरलं, तर सलग २०० वॉट (पायांतून पॅडलला मिळणाऱ्या शक्तीचं माप) लावूनही ऐंशी मिनिटांच्या आसपास लागतात. २०० वॉट काढणारे पुष्कळ असतात. ऐंशी मिनिटं उसंत न घेता काढणं, खरी गोम तिथे आहे.

उड्डाणपुलाच्या फेऱ्यांवर म्हणूनच माझा फारसा विश्वास नाही. मिनिटभर चढ आणि लगेच उतारावर आराम. त्याने मिनिटभराचा जोर तेवढा वाढतो. त्यापेक्षा समोरून वारा येणारा मोकळा रस्ता बरा. एफटीपीच्या, म्हणजे साधारण तासभर टिकवता येतील अशा जास्तीत जास्त वॉटच्या, ८८ ते ९४ टक्क्यांवर २० मिनिटांचे दोन टप्पे, मध्ये ५ मिनिटं हलकं पॅडल. मग टप्पे २५ मिनिटांचे, ३० मिनिटांचे, आणि पुढे थोडे वॉट कमी करून सलग तासभर. टप्प्यात पॅडल थांबवायचं नाही, पाणीसुद्धा पाय फिरवतच प्यायचं.

चढावर केडन्स, म्हणजे मिनिटाला पॅडलचे फेरे, ६०-७० वर येते, याचीही सवय हवी. ९० ऐवजी ६० ला तेवढेच वॉट काढताना प्रत्येक फेऱ्यात दीडपट जोर लागतो. म्हणून टप्प्यात अधूनमधून ५ मिनिटं जड गिअर, केडन्स ५५ ते ६०, सीटवर बसूनच. गुडघ्याच्या वाटीपाशी दुखलं तर तिथेच गिअर हलका करायचा. सीट बुटकी असेल तर हे दुखणं लवकर येतं.

ट्रेनर (घरात जागच्या जागी सायकल चालवायचं यंत्र) असेल तर छोटी चेनरिंग, म्हणजे पॅडलजवळची लहान दातेरी चकती, लावावी. मोठ्या चेनरिंगवर ट्रेनरचं जड चाक (फ्लायव्हील) वेगाने फिरतं आणि स्वतःच्या गतीने पाय पुढे ढकलतं, म्हणजे पुन्हा सपाटीच. पुढच्या चाकाखाली ७-८ सेंटीमीटरचा ठोकळा ठेवावा. दोन चाकांत साधारण एक मीटर अंतर असल्याने तो ७-८ टक्क्यांचा चढ होतो. सीटवरून मागे घसरणं आणि कंबर भरून येणं घाटात जाऊन कळण्यापेक्षा इथे कळलेलं परवडतं. वॉट ठरवून देणारा मोड मात्र बंद ठेवावा. त्यात केडन्स घसरली की ट्रेनर भार वाढवतो आणि शेवटी पाय अडकतातच.

गिअरचा हिशेब आधीच केलेला बरा. १० टक्क्यांच्या चढावर पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील, तर केडन्स ६० ठेवायलाच सुमारे २२० वॉट लागतात. मागे ३४ दात असतील तर १८० पुरतात. तेवढी मोठी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला, झेपते का, हे बसवण्याआधी पाहावं, आणि चेनची लांबी पुन्हा मोजावी. चेन आखूड राहिली आणि दोन्हीकडे मोठी चकती पडली, तर ती ताणून अडकते आणि डिरेलरला फ्रेमशी जोडणारा हँगर वाकतो किंवा तुटतो.