४८.६ हर्ट्झ

गुरुवार होता, म्हणजे भोसरीत लाइट जायचा वार. लाइट जायच्या आत बोर्डावरची एडीसी, म्हणजे सिग्नलचे आकडे करणारी चिप, काढायची असं आदल्या संध्याकाळी ठरलं होतं. सोल्डरिंग करणाऱ्या ताईंनी बोर्डाभोवती उष्णता सोसणारी पिवळी कॅप्टॉन टेप लावली होती, फ्लक्स काढून ठेवला होता, हॉट एअरचा नोझल बदलून झाला होता. मी मात्र अजून तोच बोर्ड चालू ठेवून स्क्रीनसमोर बसले होते.

बोर्ड हवामान रडारच्या रिसिव्हरचा. त्यावर १४ बिटची एडीसी, सेकंदाला २५ कोटी सॅम्पल घेणारी. दर ४ नॅनोसेकंदांना एक आकडा. तिला आम्ही १७० मेगाहर्ट्झचा स्वच्छ टोन, म्हणजे एकाच वारंवारतेचा सिग्नल, देत होतो. एफएफटीत, म्हणजे सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या करून दाखवणाऱ्या आलेखात, एकच उभी रेघ यायला हवी. येत होत्या तीन. मधल्या रेघेच्या दोन्ही अंगांना, साधारण ५० हर्ट्झ अंतरावर, ७५ डेसिबल खाली दोन बारीक रेघा.

७५ डेसिबल म्हणजे शक्ती तीन कोटी पटींहून कमी. इतर कुठल्या कामात याकडे कुणी बघितलंही नसतं. पण रडारचा तरंग १० सेंटीमीटरचा असेल, तर ५० हर्ट्झचा फरक म्हणजे सेकंदाला अडीच मीटर वेग. डोंगरावरून परतणारा सिग्नल हलक्या पावसाच्या सिग्नलपेक्षा कितीतरी जबर असतो. त्याला अशा सावल्या पडल्या की जागचा न हलणारा डोंगर ताशी ९ किलोमीटरने जवळही येताना दिसणार आणि लांबही जाताना. ज्या आकड्यांवरून कुणी वाऱ्यापावसाचा अंदाज बांधणार, त्यात ही भेसळ मला सहन होत नव्हती.

आपल्याकडे ५० हर्ट्झ म्हटलं की संशय मेन्सवरच, म्हणजे घरी येणाऱ्या विजेवरच, जातो. तीन दिवस आम्ही तेच धरून बसलो. अर्थिंग तपासलं, सप्लाय बदलला, शेवटी बोर्ड १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. रेघा जागच्या जागी. मग सगळ्यांचं बोट चिपकडे वळलं. दुसरी चिप कपाटात होती, पण एकच. बऱ्याच वेगवान एडीसींवर निर्यात-निर्बंध असतात. वापर कशासाठी, हे लिहून द्यावं लागतं. ती यायला चार महिने लागले होते.

"मॅडम, काढायला दोन मिनिटं पुरतील," ताई म्हणाल्या, "पण पोटाखालचा पॅड मोठा आहे. काढलेली परत बसेल याची खात्री नाही देत मी."

मला एक चाचणी हवी होती. टोन १७० वरून ८५ वर आणला. रेघा ६ डेसिबल उतरल्या. १७ वर आणला, २० डेसिबल उतरल्या. टोनची उंची तीच, वारंवारता तेवढी कमी, आणि रेघा अगदी त्याच प्रमाणात खाली. सप्लायमधून घुसणारी गुणगुण अशी हिशेबाने उतरत नाही. असा हिशेब वेळेची चूक पाळते.

एडीसी व्होल्टेज मोजते हे खरं, पण ते कुठल्या क्षणी मोजायचं हे ठोके देणारा क्लॉक सांगतो. २ व्होल्टचा १७० मेगाहर्ट्झचा टोन शून्य ओलांडताना एका पिकोसेकंदात सुमारे १ मिलिव्होल्ट चढतो. चिपची एक पायरी १२२ मायक्रोव्होल्टची. म्हणजे क्लॉक एक पिकोसेकंद चुकला तर आकडा आठ-नऊ पायऱ्या चुकतो. टोन संथ असेल तर तेवढ्याच चुकीने काही बिघडत नाही. आणखी एक गोष्ट नव्या मुलांना नेहमी फसवते: २५० च्या सॅम्पलिंगला १७० चा टोन घडी होऊन ८० मेगाहर्ट्झवर दिसतो, पण जिटरचा, म्हणजे क्लॉकच्या डळमळीचा, मार बसतो तो १७० च्याच हिशेबाने.

म्हणजे क्लॉक हलत होता. कशाने? आमच्या एफएफटीचा एकेक रकाना १५ हर्ट्झ रुंद होता. "५०" हा आकडा आम्हीच गृहीत धरला होता. मी एफपीजीएमध्ये, म्हणजे हवी तशी जोडणी करता येणाऱ्या चिपमध्ये, डेटा गाळून सलग १० सेकंदांची नोंद घेतली. आता हर्ट्झचा दहावा भाग दिसणार होता. रेघ आली ४८.६ वर.

मी खुर्चीतून उठलेच. ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायचा दंडक आहे. ४८.६ मेन्स असणं शक्यच नव्हतं. त्याला ६० ने गुणलं: मिनिटाला २,९१६ फेरे.

"ताई, पंखा बंद करा."

त्यांनी बोर्डाच्या डब्यामागच्या, गार करणाऱ्या पंख्याचा कनेक्टर ओढला. पाती थांबली. पुढच्या नोंदीत दोन्ही रेघा नव्हत्या. पंखा परत लावून ९ व्होल्टवर चालवला, तर रेघा आत सरकून ३७ च्या जवळ आल्या. ताईंनी क्लॉकच्या ऑसिलेटरशेजारी पत्र्यावर बोट ठेवलं. "थरथरतंय की हे," म्हणाल्या. ऑसिलेटरचा क्रिस्टल हा स्फटिकाचा कापच. त्यावर धक्क्याचा जोर आला की त्याची वारंवारता अब्जांशाने का होईना, ढळते. बॅटरीचा प्रयोग का फसला, तेही आत्ता कळलं. पंखासुद्धा १२ व्होल्टचाच होता, तोही बॅटरीवर फिरतच होता.

पावणेअकराला लाइट गेली. ताईंनी बोर्डावरची टेप हलक्या हाताने सोडवली. पुढच्या आठवड्यात पंखा मऊ रबराच्या बुशांवर घेतला आणि ऑसिलेटर वेगळ्या छोट्या बोर्डावर, पंख्यापासून लांब, जाड स्पंजी पॅडांवर बसवला. ९७.२ हर्ट्झवर, म्हणजे बरोबर दुपटीवर, एक अगदी फिकी रेघ उरली आहे. तिच्यावर काम चालू आहे.