राक्षस दिसतो तेव्हा माणूस कुठे उभा असतो?

महाकाय प्राण्यांच्या चित्रपटांबद्दल एक तक्रार ठरलेली असते: माणसांची रडगाणी आवरा आणि राक्षस दाखवा. तक्रार खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय बहुतेक वेळा चुकतो. माणसांचे प्रसंग वीस मिनिटांनी कापले की उरलेली माणसं आणखी पोकळ होतात आणि शेवटच्या मारामारीत कोण जिंकावं असं आपल्याला वाटतंय, हेच कळेनासं होतं. मिनिटं मोजून हा तोल साधत नाही. राक्षसाच्या प्रसंगामुळे माणसाचा एखादा निर्णय बदलला का, आणि त्या निर्णयामुळे राक्षसाचा पुढचा प्रसंग बदलला का, हे तपासावं लागतं.

इशिरो होंडांच्या १९५४ च्या ‘गोजिरा’त (गॉडझिलाचा पहिला जपानी चित्रपट) ही साखळी स्पष्ट दिसते. डॉ. यामानेंना तो प्राणी मारायचा नाही, अभ्यासायचा आहे. ओगाताला तो मारलाच पाहिजे असं वाटतं. सेरिझावाकडे त्याला मारू शकेल असं अस्त्र आहे, पण ते जगाच्या हाती पडण्याची त्याला धास्ती आहे. ते गुपित त्याने फक्त एमिकोला दाखवलंय, कारण तिचं लग्न त्याच्याशी ठरलेलं आहे. तिचं मन मात्र ओगातावर आहे. एरवी हा प्रेमत्रिकोण भरताड वाटला असता. इथे तो लागतोच, कारण गुपित त्याच्या मधोमध ठेवलेलं आहे. टोकियो जळतं, एमिको जखमींनी भरलेलं रुग्णालय पाहते आणि वचन मोडते. तिथून सेरिझावाचा निर्णय आणि तिथून शेवट. कुठलाही दुवा काढा, पुढचा प्रसंग घडतच नाही.

पटकथा लिहीत असाल तर राक्षसाच्या प्रत्येक प्रसंगाखाली दोन ओळी लिहून पाहा: प्रसंगाआधी या पात्राला काय हवं होतं, आणि प्रसंगानंतर काय हवंय. दोन्ही ओळी सारख्या आल्या, तर तो प्रसंग कितीही भव्य असला तरी कथेत जागचा हललेला नाही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मारामारी संपल्यावर एक भावनिक संवाद जोडून देणं. संवादाने भोक बुजत नाही. निर्णय धावपळीच्या आत न्यावा लागतो. बाँग जून-हो यांच्या ‘द होस्ट’मध्ये (२००६) बाप मुलीचा हात धरून पळतो, मागे वळून पाहतो, तर हातात भलत्याच मुलीचा हात. एका शब्दाविना पुढच्या अख्ख्या चित्रपटाचं कारण तयार होतं, तेही राक्षस भर उजेडात धुमाकूळ घालत असताना.

आता अंतराबद्दल, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. शंभर मीटर उंचीचा प्राणी एक किलोमीटरवर उभा असेल, तर हात लांब करून धरलेल्या तीन बोटांएवढा दिसतो. शंभर मीटरवर आला की डोकं पाहायला मान ४५ अंश वर करावी लागते. त्याच्या पायाशी असाल तर प्राणी दिसतच नाही. दिसते फक्त एक भिंत, आणि ती हलते. या तीन अंतरांवर माणूस तीन वेगळ्या गोष्टी करू शकतो: लांबून ठरवू शकतो, मधून पळू शकतो, आणि पायाशी असताना फक्त शेजारच्याला ओढू शकतो. म्हणून स्टोरीबोर्डच्या (शॉट्सच्या चित्रमालिकेच्या) आधी कागदावर नकाशा काढा. राक्षसाचा मार्ग एका रंगाने, प्रत्येक पात्राचा दुसऱ्या रंगाने, आणि रेघा कुठे किती जवळ येतात ते लिहा. रेघा कुठेच जवळ येत नसतील तर तुमच्या हातात दोन वेगळे चित्रपट आहेत आणि संकलक ते आलटून पालटून दाखवणार आहे.

वेळेचंही तसंच. शंभर मीटरवरून सुटलेला काँक्रीटचा तुकडा जमिनीवर यायला साधारण साडेचार सेकंद लागतात. पडद्यावर तो दीड सेकंदात आदळला, तर डोळा नकळत हिशेब करतो आणि ती उंची अकरा मीटरची वाटते. संगणकावर बनवलेला राक्षस हलका, रबरी वाटतो त्याचं एक मोठं कारण हेच: तो माणसाच्या चपळाईने हलतो. नटाला राक्षसाचा सूट घालून शहराच्या लहान प्रतिकृतींमध्ये चित्रीकरण करणाऱ्यांना हे गणित पाळावंच लागायचं. प्रतिकृती १/२५ मापाची असेल तर २५ चं वर्गमूळ ५, म्हणून कॅमेरा नेहमीच्या सेकंदाला २४ फ्रेमच्या पाचपट, म्हणजे १२० फ्रेम वेगाने चालवायचा. नेहमीच्या वेगाने दाखवलं की पडझड जड वाटते.

पण मला या साडेचार सेकंदांचं महत्त्व वेगळ्याच कारणासाठी वाटतं. तेवढ्या वेळात जीव घेऊन पळणारा माणूस वीस-बावीस मीटर जातो. म्हणजे तो पाहू शकतो, एकदा चुकू शकतो आणि कुणाला तरी हाक मारू शकतो. राक्षसाचा वेग वाढवला की आधी ही जागा नाहीशी होते, आणि मग लोक म्हणतात की माणसांना काही काम नव्हतं. आवाजाचाही असाच उपयोग होतो: किलोमीटरभर लांब पडलेल्या पावलाचा आवाज तीन सेकंदांनी पोचतो. ते शांत तीन सेकंद पात्राच्या चेहऱ्यावर ठेवा.

मारामारीतून माणसांकडे केव्हा वळायचं? माझा आडाखा असा की दीड मिनिटाहून जास्त वेळ एकही माणूस दिसला नाही तर मापाचं भान सुटतं आणि दोन प्राणी खेळण्यांएवढे होतात. मात्र वळताना माणूस काहीतरी करत असला पाहिजे. तोंड उघडं टाकून वर पाहणारा चेहरा एकदा चालतो, तिसऱ्यांदा चिडचिड होते. गॅरेथ एडवर्ड्स यांच्या २०१४ च्या ‘गॉडझिला’त होनोलुलूला दोन प्राणी समोरासमोर येतात आणि चित्रपट उडी मारून टीव्हीवरच्या बातमीवर जातो. त्या संयमाला लोकांनी नावं ठेवली. माझ्या मते दोष संयमाचा नव्हता. ज्या बापाच्या दुःखाला चित्रपट बांधला होता तो पूर्वार्धातच मरतो, आणि त्यानंतर जे झाकायचं त्याच्या बदल्यात द्यायला माणसांकडे पुरेसं काही उरत नाही. त्याच चित्रपटात सैनिक विमानातून लाल धूर सोडत उडी मारतात, कॅमेरा मुखवट्याच्या आत जातो आणि काचेपलीकडून प्राण्याचं अंग सरकतं. तिथे दोन्ही बाजू एका शॉटमध्ये येतात.

पात्राचं काम काय आहे, हे लवकर ठरवावं. ताकाशी यामाझाकींच्या ‘गॉडझिला मायनस वन’मध्ये (२०२३) नायक लाकडी बोटीवर समुद्री सुरुंग काढण्याची नोकरी करतो. लाकडी का, तर चुंबकीय सुरुंग लोखंडाला प्रतिसाद देतात. ही माहिती पोटापाण्याच्या बोलण्यात येऊन जाते, आणि मग तीच बोट, तोच सुरुंग, तीच मशीनगन घेऊन त्यांना राक्षसासमोर राहावं लागतं. सुरुवातीला गोळी झाडायला न धजावलेला माणूस आता झाडतो. या चित्रपटाचे ६१० व्हीएफएक्स (संगणकीय दृश्यपरिणामांचे) शॉट्स ३५ जणांच्या चमूने केले, त्यामुळे प्रत्येक शॉट कथेत कमावलेला असणं त्यांना भागच होतं.

याउलट नियंत्रण कक्षातली माणसं. पडद्याकडे पाहून ‘तो शहराकडे येतोय’ म्हणणाऱ्या सहा जणांचं एकच पात्र करा, किंवा त्यांना खरी सत्ता द्या. ‘शिन गॉडझिला’ (२०१६) बैठकांवर उभा आहे आणि तरी ताणलेला राहतो, कारण तिथे बैठक हीच कृती आहे. हेलिकॉप्टर मारा करायच्या बेतात असताना रूळ ओलांडणारी माणसं दिसतात, पंतप्रधान हल्ला थांबवतात, आणि प्राण्याला मोकळीक मिळते.

राक्षस पूर्ण केव्हा दाखवायचा याला ठरलेलं मिनिट नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत दाखवलात तर पुढे गूढ त्याच्या रूपाचं राहत नाही, माणूस कुठे अडकलाय याचं ठेवावं लागतं. उशिरा दाखवणार असाल तर आधीच्या प्रत्येक खुणेने नवी माहिती द्यावी: आधी पाऊलठसा, मग किरणोत्सर्ग, मग दिशा. तीच शेपटी तीनदा दाखवली तर प्रेक्षक घड्याळ पाहतो.

आणि मारामारी संपल्यावर लगेच पडदा पाडू नका, तिची किंमत कुणी मोजली ते दाखवा. १९९९ च्या ‘गॅमेरा ३’मध्ये आयाना नावाची मुलगी गॅमेराचा, म्हणजे माणसांच्या बाजूने लढणाऱ्या महाकाय कासवाचा, द्वेष करते, कारण आधीच्या चित्रपटातल्या लढाईत, आपण टाळ्या वाजवत होतो तेव्हा, तिचे आईवडील त्याच्यामुळे मेले होते.