धरमपेठेत आत्याने मागे वळून पाहिलंच नाही

मे महिन्यात नागपूरला जाऊ नकोस असं सगळ्यांनी सांगितलं होतं, पण आत्या एकटी असते आणि काकांना जाऊन तीन वर्षं झाली तरी मी एकदाही गेले नव्हते, म्हणून पुण्याहून रात्रीची गाडी पकडली आणि गेले. पहिले दोन दिवस कूलरसमोर, तर्री पोहे आणि रामटेक यात संपले. रामटेकला पहाटे निघूनही गडावरून उतरताना पायऱ्या तापलेल्या, कालिदासाच्या यक्षाला आषाढात ढग दिसल्यावर काय वाटलं असेल ते त्या उन्हात जरा कळलं.

लिहायचंय ते तिसऱ्या संध्याकाळबद्दल. आत्याच्या बिल्डिंगमधला एक इंजिनिअरिंगचा मुलगा आणि त्याचे मित्रमैत्रिणी, त्यांनी ऑर्फियसचा ऑपेरा, म्हणजे सगळं गाऊनच सांगितलेलं नाटक, व्हीआर हेडसेटमध्ये केला होता, डोळ्यांवर बांधलं की आपण गोष्टीच्या आतच उभे आहोत असं वाटायला लावणारं यंत्र ते, मराठीत गायलेला, आणि धरमपेठेत एका छोट्या हॉलमध्ये दाखवणार होते. मला ऑपेराचं वेड आहे, त्यामुळे मी आत्यालाही ओढत नेलं.

ग्रीक पुराणातली गोष्ट अशी, की ऑर्फियस हा गवई, त्याची बायको युरिडिसी साप चावून मरते, तो गात गात पाताळात जातो, त्याच्या गाण्याने तिथला देव विरघळतो आणि म्हणतो, ने तिला, पण उजेडात पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. तो बघतो. संपलं. ऑपेरावाल्यांना ही गोष्ट सोडवतच नाही. ज्याचं संगीत आज हातात आहे असा सगळ्यात जुना ऑपेरा याच गोष्टीवरचा, पेरी या संगीतकाराचा, 1600 सालचा, फ्लॉरेन्समधला. मग 1607 मध्ये मांटुआला माँतेवेर्दी, 1762 मध्ये व्हिएन्नाला ग्लुक. ग्लुकच्या ऑपेरात ती मागून सारखी विचारते, तू माझ्याकडे बघत का नाहीस, प्रेम आटलं का तुझं, आणि ते सहन न होऊन तो वळतो. त्यानंतर तो जे गातो ते मी शंभरदा तरी ऐकलं असेल.

या पोरांनी नेमकं हेच उचललं होतं, आणि मला वाटतं हेडसेटसाठी याच्याइतकी चपखल गोष्ट दुसरी नाही, कारण त्या यंत्राला एक गोष्ट पक्की कळते, तुमची मान कुठे वळली. थिएटरात ऑर्फियस वळतो आणि आपण खुर्चीत बसून हळहळतो. इथे वळायचं की नाही ते आपल्या मानेवर. जर्मनीत बायरॉइटच्या महोत्सवात 2023 मध्ये वाग्नरच्या पार्सिफाल या ऑपेराला काही प्रेक्षकांना एआर चष्मे, म्हणजे समोरच्या रंगमंचावर जास्तीची चित्रं दाखवणारे चष्मे, दिले होते, सगळ्यांना नाहीच, थोड्याच खुर्च्यांना. तेव्हापासून मला प्रश्न पडलाय की अशी चित्रं दाखवून गोष्टीत काय भर पडते. इथे त्याचं उत्तर मिळालं.

पण आधी तक्रार. हॉलवाल्यांनी कोणी पाहुणे बोलावलेले, ते तंत्रज्ञान आणि संस्कृती यावर पाऊण तास बोलले, बाहेर त्रेचाळीस डिग्री. आणि कूलरच्या घरघरीत आवाज ऐकू येईना म्हणून प्रत्येकाच्या वेळी कूलर बंद करत होते, म्हणजे एक जण पाताळात आणि बाकीचे आम्ही भट्टीत. पोरं बिचारी दर वेळी हेडसेटचा घाम पुसत होती. ज्यांनी महिनोन्‌महिने रात्री जागून काम केलं त्यांना ओळख करून द्यायला दोन मिनिटं मिळाली याचा मला खरंच राग आला.

माझा नंबर आधी लागला. जागेवरच पावलं टाकायची, समोर ओल्या दगडांची चढण, टोकाला नाण्याएवढा उजेड. आणि मागून युरिडिसीचा आवाज. आवाज दोन्ही कानांत किंचित पुढेमागे पोचतो आणि कानाच्या आकाराने जरा बदलतो, त्यावरून आपल्याला दिशा कळते, हे लोक तेच बरोबर मोजून देतात, त्यामुळे ती खरोखर डाव्या खांद्यामागे दोन हातांवर होती. ती गात होती, "पाहत का नाहीस रे". मला सगळी गोष्ट पाठ, तरी मी वळले. अर्धा सेकंद चेहरा दिसला आणि अंधार.

मग आत्या. चौऱ्याहत्तर वर्षांची, आयुष्यभर नाट्यसंगीत ऐकलेली बाई. "काय बांधून राहिला बापा डोक्याले" म्हणत उभी राहिली. मुलगा म्हणाला, आजी, फक्त समोर चाला. ती चालायला लागली, अगदी हळू, नऊवारीचा काठ एका हाताने वर धरून. मागचा आवाज सुरू झाला तशी थांबली. मान ताठ. मला वाटलं आता वळणार. तिने दुसरा हात मागे केला. पंजा उघडा, बोटं किंचित हलवत, जत्रेत लेकराला मागच्या मागे हात देतात ना, तसा. आणि तशीच चालत राहिली.

हॉलमध्ये कोणी बोलेना. लॅपटॉपवरचा मुलगा माझ्या कानात म्हणाला, ताई, हाताचं आम्ही काहीच टाकलेलं नाही, यंत्राला तो हात दिसतही नाहीये.

ती उजेडापर्यंत पोचली. हेडसेट काढल्यावर तिने पहिलं विचारलं, "आली का रे ती बाहेर?"

"आली ना आजी, तुमच्या मागेच उभी होती. तुम्ही पाहिलं नाही?"

"मी कशाला पाहू? पाहिलं असतं आणि नसती तर?"

परत येताना ऑटोत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, आपल्याकडे उलटं आहे, सावित्री मागून चालते आणि नवऱ्याला घेऊन येते. मी तिला सांगितलं की होल्स्ट नावाच्या इंग्रजाने संस्कृत शिकून सावित्रीवर ऑपेरा लिहिलाय, फक्त तीन पात्रं, 1916 मध्ये लंडनला झाला. "ऐकव," म्हणाली. घरी गेल्यावर लाईट नव्हती, गच्चीवर सतरंजी टाकून फोनवर लावला. सुरुवातीला वाद्यं काहीच नाहीत, लांबून नुसता यमाचा आवाज येतो. आत्या उठून बसली. काकांची खुर्ची अजून गच्चीवरच असते, तिने ती जरा जवळ ओढून घेतली आणि मला म्हणाली, आवाज वाढव.