झाकणाखालचे भोवरे: परभणीच्या फिरत्या टाकीची नोंद

मंडळी, ध्रुवीय समुद्रांतले भोवरे आणि त्यांवरचं बर्फाचं झाकण समजून घ्यायला मी घरी पाण्याचा टब चाकावर फिरवून प्रयोग करतो. त्या टाकीची थरथर आता गेली. भंगारातल्या जीपची वायपर मोटर, वेग उतरवायला पट्टा, मोटरचा वेग कमी-जास्त करणारा पीडब्ल्यूएम कंट्रोलर आणि वीज थेट इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज सारखं वरखाली होतं, बॅटरीवर मात्र फेरे एकसारखे पडतात. खरा फरक पडला तो वजनाने. मोटर रिवाइंडिंगवाले चाचा म्हणाले, "सर, इतकं हळू फिरवायचंय तर खाली वजन टाका, चाक आपोआप सरळ चालतं." सिमेंटची जड चकती ओतून घेतली, पाणसळ लावून बैठक सपाट केली आणि आता मिनिटाला 10 फेरे, घड्याळाच्या उलट दिशेने, अगदी शांतपणे होतात. उत्तर ध्रुवावरून पाहिलं तर पृथ्वी अशीच फिरते, म्हणजे हा आपला उत्तर गोलार्ध. मोबाईल टबासोबतच फिरणाऱ्या दांडीवर बसवला आहे, त्यामुळे चित्रीकरणात टब स्थिर दिसतो आणि पाण्याची चाल तेवढी कळते.

पाण्याबद्दल थोडं, कारण इकडे करणाऱ्यांना ते लागेल. 50 सेंटिमीटर व्यासाच्या टबात 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे 20 लिटर. बोअरचं पाणी आदल्या रात्री भरून ठेवायचं, म्हणजे बुडबुडे जातात आणि तापमान खोलीइतकं होतं. ज्या गल्लीत उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात तिथे हे पाणी ओतून देणं मला पटत नाही. तेच परत वापरतो, फार खारट झालं की संडासात टाकतो. झाडांना कधीच नाही, काळ्या जमिनीत मीठ मुरलं की निघत नाही. आणि आपल्या कोरड्या हवेत पृष्ठभागावरून इतकं बाष्पीभवन होतं की वरचं पाणी गार होऊन धारांनी खाली उतरतं आणि सगळी नक्षी मोडते. पंखा बंद, काम पहाटे, आणि टबावर पाण्याला न टेकणारी काच. एवढं पाळलं तर पाणी शांत राहतं.

पहिला प्रयोग नेहमीचाच: मध्ये बिनबुडाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करायचा, त्यात लिटरला 5 ग्रॅम मीठ घातलेलं निळं पाणी, बाहेर गोडं. अर्धा तास फिरू द्यायचं आणि पाइप अलगद वर काढायचा. न फिरणाऱ्या टबात निळं पाणी तळाशी पसरून सपाट होतं. फिरणाऱ्या टबात ते शंकूसारखं उभं राहतं आणि मग त्याच्या कडा फाटून भोवरे सुटतात. घनतेतला फरक आणि खोली यांवरून जड पाणी पसरण्याचा वेग काढून त्याला फिरण्याच्या वेगाच्या दुपटीने भागलं की भोवऱ्यांचं स्वाभाविक माप मिळतं. माझ्या टबात ते सुमारे 3 सेंटिमीटर येतं. मिनिटाला 20 फेरे केले की निम्मं, आणि भोवरेही तसेच बारीक होतात.

ध्रुवीय समुद्रांचे भोवरे लहान का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा हा परिणाम परभणीच्या अक्षांशावर ध्रुवाच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. त्यात उत्तर ध्रुवाकडच्या पाण्याचे थर अनेक ठिकाणी एकमेकांपासून फारसे वेगळे नसतात. दोन्ही मिळून आर्क्टिकच्या खोल भागात हे माप 10-15 किलोमीटर आणि उथळ किनारपट्टीवर काही किलोमीटरच उरतं. परभणी ते पूर्णा या अंतरात तसे दोन-तीन बसतील. हवामानाच्या संगणकी प्रारूपाच्या चौकटी 25 किंवा 100 किलोमीटरच्या असल्या तर असे भोवरे त्यांतून निसटून जातात. म्हणूनच अगदी बारीक जाळीच्या प्रारूपांवर आता इतकी मेहनत घेतली जाते.

आता झाकण, म्हणजे समुद्रावरचा बर्फ. 1893 ते 1896 या काळात नॉर्वेचे ध्रुवीय संशोधक फ्रिट्जॉफ नान्सेन यांचं 'फ्राम' जहाज बर्फात अडकून वाहत गेलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नाही, 20 ते 40 अंश उजवीकडे सरकतो. त्याचं गणित स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ एकमन यांनी 1905 मध्ये मांडलं. घन पृष्ठभागाला लागून पाण्याचा एक पातळ थर असतो आणि घर्षणाचा सगळा व्यवहार त्यातच चालतो. समुद्रात तो काही दहा मीटर जाड असतो. माझ्या टबात त्याची जाडी येते जेमतेम 1 मिलिमीटर. पण सगळ्या टबातल्या भोवऱ्यांचं आयुष्य तोच ठरवतो. मीठ न घालता हिशेब केला तर 10 सेंटिमीटर पाण्यातल्या भोवऱ्याचा वेग तळाच्या घर्षणाने सुमारे 100 सेकंदांत एक तृतीयांशावर येतो. वरही घन झाकण टेकवलं तर असे थर दोन होतात आणि वेळ निम्मा.

करून पाहिलं. पारदर्शक प्लास्टिकचा गोल कापून तो पाण्याला टेकवून टबाच्या कडेला चार ठिकाणी पक्का केला. हिवाळ्यात एकसंध गोठलेला बर्फ असाच असतो. भोवरे वहीच्या पंचातून निघालेल्या कागदाच्या टिकल्यांवर मोजले. झाकणाखाली ते खरोखर निम्म्याच्या जवळपास वेळात मंदावतात. मग तोच गोल कापून त्याचे सुटे तुकडे तरंगत सोडले, उन्हाळ्यात फुटलेल्या बर्फासारखे. इथे मला सगळ्यात जास्त आनंद झाला: तुकडे भोवऱ्याबरोबर स्वतःच फिरायला लागतात, त्यामुळे ब्रेक अर्धवटच लागतो. किती टक्के बर्फ आहे एवढं पुरेसं नाही, तो धरून बसलाय की सुटलाय हेही महत्त्वाचं.

आर्क्टिकमध्ये नेमका हा ब्रेक सुटतो आहे. 1980 च्या दशकात सप्टेंबरमध्ये तिथे साधारण 70 लाख चौरस किलोमीटर बर्फ असायचा. 2012 च्या सप्टेंबरात तो 34 लाखांपर्यंत उतरला. उरलेला बर्फही पूर्वीपेक्षा पातळ आणि सहज हलणारा आहे. वारा आता थेट पाण्याला लागतो आणि तयार झालेला भोवरा लवकर मरत नाही. मग पाणी आडवं ढवळलं जातं: उष्णता, पोषकद्रव्यं, माशांची अंडी, प्लास्टिकचे कण, सगळं नव्या ठिकाणी. टिकल्या टबभर पसरताना बघितल्या की यातलं गांभीर्य पोटात उतरतं. मला तरी उतरलं.

पण झाकणाची गोष्ट पृष्ठभागावर संपत नाही, आणि या महिन्याचं खरं काम पुढचं आहे. टबात खाली खारं आणि वर गोडं पाणी, असे दोन थर भरले. गोडं पाणी तरंगत्या स्पंजवर अगदी हळू सोडायचं. मग मधल्या घनतेचं लाल पाणी सलाईनच्या नळीने दोन थरांच्या सीमेवर सोडलं. नळीची चकरी अशा कामाला उत्तम, थेंबाथेंबाने धार जमते. लाल पाणी मसुराच्या दाण्यासारखं भिंग होऊन तिथेच तरंगतं आणि टबाच्या उलट, घड्याळाच्या दिशेने फिरतं. वर झाकण पक्कं केलं. टिकल्या थांबल्या. लाल भिंग फिरतच राहिलं. थर वेगळे असले की वरचा ब्रेक खालपर्यंत पोचत नाही.

1970 च्या दशकात अलास्काच्या उत्तरेला बर्फावर तळ ठोकून एडजेक्स (AIDJEX) ही बर्फाच्या हालचालींचा अभ्यास करणारी मोहीम झाली, तेव्हा हेच सापडलं होतं: बर्फाच्या लगेच खाली पाणी शांत, आणि 50 ते 200 मीटर खोलीवर 10-20 किलोमीटर रुंदीचे जोरकस भोवरे, बहुतेक घड्याळाच्या दिशेने फिरणारे. त्या समुद्रात घनता मुख्यतः मिठावर ठरते, गोठणबिंदूजवळ तापमानाचा वाटा फार थोडा. त्याच्याही खाली अटलांटिकमधून आलेलं कोमट पाणी आहे आणि मधला खारटपणाचा थर ती उष्णता बर्फापासून दूर ठेवतो. युरेशियाच्या बाजूला तो थर आता कमजोर होत चालला आहे. वरचा ब्रेक सुटणं आणि मधला थर पातळ होणं एकत्र घडलं तर भोवरे खालची उष्णता किती वर आणतील, याचा छडा लावायला मला टबात तीन थर हवे आहेत.

रात्री जेवणानंतर नासाच्या वर्ल्डव्ह्यू या उपग्रह-चित्रांच्या संकेतस्थळावर ग्रीनलंडच्या पूर्वेची बर्फाची कड बघण्याची सवय लागली आहे. मे-जून उत्तम, उजेड भरपूर. फ्राम सामुद्रधुनीत ढग नसले तर बर्फाचे तुकडे वळसे घेताना स्पष्ट दिसतात, माझ्या टबातल्या प्लास्टिकच्या तुकड्यांसारखेच. ढग असले तर सेंटिनेल-1 उपग्रहाची रडार चित्रं. समुद्राच्या पातळीतल्या चढउतारांवरून भोवरे मोजणाऱ्यांसाठी 16 डिसेंबर 2022 ला सोडलेला स्वॉट उपग्रह 78 अंश अक्षांशापर्यंत पोचतो. जुना टोपेक्स-पोसायडन 66 अंशांवरच थांबायचा, म्हणजे आर्क्टिकचा गाभा त्याला दिसतच नव्हता.

अंटार्क्टिकाचं थोडक्यात: तिथे खंडाला वळसा घालणाऱ्या प्रवाहाला कुठेच जमीन आडवी येत नाही. वारे वाढले तरी एकूण प्रवाह फारसा वाढत नाही, जादा जोर भोवऱ्यांत जातो. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथलाही समुद्रावरचा बर्फ सुमारे 18 लाख चौरस किलोमीटरवर आला. टबात मध्ये स्टीलचा डबा उलटा ठेवून कडेने संगणकाच्या छोट्या पंख्यांची हवा द्यायची, असा आराखडा तयार आहे. टाकी उलट्या दिशेने फिरवायलाही विसरायचं नाही.

पुढच्या वेळी तीन थर. अडचण एकच: मधला थर भरताना खालच्या थराशी मिसळतो. कोणी दोन बादल्यांची पद्धत वापरून सलग वाढत जाणारा खारटपणा भरला असेल तर नळीचा व्यास आणि भरायला लागलेला वेळ कळवा. नांदेड, हिंगोली, जालन्याकडे कोणी टाकी करत असेल तर कंट्रोलरची जोडणी आणि चकतीची मापं देतो. घरी येऊन बघितली तर अधिक बरं, पहाटे सहाला चालू असते.