सोळा मिलिमीटरची जाळी

स्क्रीनवर टर्ब्युलन्सची तीव्रता, म्हणजे वाऱ्यातली खळबळ सरासरी वेगाच्या किती टक्के, ९ दिसत होती आणि प्रयोगशाळेत सगळे खूश होते. मला तो आकडा पटेना. विंड टनेल ६०० मिमी चौरस, वाऱ्याचा वेग सेकंदाला १० मीटर, खळबळ उठवणाऱ्या जाळीचं घर ५० मिमीचं, मोजणी जाळीमागे दीड मीटरवर, म्हणजे तीस घरांच्या अंतरावर. साध्या, न हलणाऱ्या जाळीमागे इतक्या लांब ३-४ टक्के उरतात. ९ आले कुठून?

पहिला संशय हॉटवायरवर. टंगस्टनची ५ मायक्रॉनची तापवलेली तार, वाऱ्याने ती किती थंड होते त्यावरून वेग कळतो. हवा एक अंशाने तापली तरी वेग साधारण २ टक्के चुकतो. एप्रिलच्या दुपारी कोल्हापुरात पत्र्याखालची खोली सकाळपेक्षा चार-पाच अंश सहज चढते. म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या वेगांशी तारेचा ताळा, मोजणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करायचं. दोन वक्र जुळले नाहीत तर मधला सगळा डेटा बाद. हे कंटाळवाणं काम टाळणारे बरेच आहेत. शिवाय कॅलिब्रेशनच्या पिटो ट्यूबला, म्हणजे दाबावरून वेग मोजणाऱ्या नळीला, हवेची घनता पुस्तकातली १.२२५ (घनमीटरला किलो) देतात. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहोत. तीस अंशांना घनता १.०९ च्या आसपास भरते. वेगात तिथेच ६ टक्के जातात.

त्या दिवशी मात्र वक्र जुळले. तार बदलली, आकडा तोच. मग पिटो ट्यूब आडवी सरकवत नेली, दर २५ मिमीला एक वाचन. वेग डावीकडे सेकंदाला ११ मीटरच्या वर, मध्यात ९ मीटरच्या खाली, उजवीकडे पुन्हा चढ. टनेल बंद करून पुन्हा चालू केला तर चढउतार जागा बदलून बसले. स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा याचा आलेख, काढला तेव्हा सगळं उघडं पडलं: ऊर्जेचा ढीग ५ हर्ट्झच्या खाली. तो टर्ब्युलन्स नव्हताच. प्रवाह सावकाश इकडून तिकडे हेलकावत होता आणि सॉफ्टवेअर ते हेलकावे तीव्रतेत जमा करत होतं.

मग जाळीला कॅलिपर लावला. बार १६ मिमीचा! मूळ डिझाइन १० चं. १० च्या बारने जाळी ३६ टक्के जागा अडवते, १६ च्या बारने ५४. साधारण ५० टक्क्यांच्या पुढे घराघरातून निघणारे झोत सुटे राहत नाहीत. शेजारचे दोन-तीन एकमेकांना चिकटतात, आणि कोण कोणाला चिकटेल याचा नेम नसतो. आदल्या सत्रात कुणीतरी ‘जाड बार, जास्त टर्ब्युलन्स’ असा हिशेब करून ड्रॉइंग बदललं होतं.

सगळ्यांनी खापर उद्यमनगरातल्या वर्कशॉपवर फोडलं. मिस्त्रींनी कागद पुढे केला. “ड्रॉइंगवर सोळाच लिहिलंय की ओ, साहेब.” घराच्या मापात त्यांचा फरक अर्धा मिलिमीटरसुद्धा नव्हता. चूक आमच्या कागदात होती आणि ते कबूल करायला आमच्याकडच्यांनी आठवडा लावला.

नवी जाळी १० मिमी चौरस बारची. आडव्या-उभ्या बारना मिलिंगवर निम्म्या जाडीच्या खाचा पाडून एका पातळीत बसवलं. वेल्डचे शिंतोडे कानसीने काढले, पण बारची धार गोल होऊ दिली नाही. प्रवाह कुठे सुटणार हे ती धार ठरवते. ती बोथट झाली की वेगाबरोबर जाळीचं वागणंही बदलतं. आता मधल्या ४०० मिमीत सरासरी वेग १ टक्क्याच्या आत सपाट आहे. तीव्रता ३.१.

स्पेक्ट्रममधला उणे पाच-तृतीयांशचा, पुस्तकातल्या टर्ब्युलन्सचा सरळ उतार मात्र फारसा दिसत नाही, आणि इतक्या कमी रेनॉल्ड्स अंकाला (वेग आणि आकार हवेच्या चिकटपणाच्या तुलनेत किती, ते सांगणारा अंक) तो दिसूही नये. छोट्या टनेलच्या अहवालात तो वारंवारता दहापट होईपर्यंत रेघेसारखा सरळ असेल तर मी आधी फिल्टरची सेटिंग विचारतो. खरोखर जास्त तीव्रता हवी असेल तर जपानी संशोधक माकितांनी १९९१ मध्ये मांडलेली सक्रिय जाळी लागते: प्रत्येक दांड्याला मोटर, दांड्यावर पाती, पाती कशीही फिरणारी. बार जाड करून ते काम होत नाही.

राहिला प्रश्न एका विद्यार्थिनीच्या डेटाचा: तापवलेल्या सिलिंडरची उष्णता या वाऱ्यात किती जाते. सहा आठवडे तो जुन्या जाळीमागेच घेतला गेला. उष्णतेची वाचनं चोख आहेत, पण समोरून येणारा वारा कसा होता हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तिने तक्ता पूर्ण करून आणला आहे, तीव्रतेच्या रकान्यात ९ लिहिलंय. तो तक्ता अजून माझ्या टेबलावर, सहीविना.