राजीनामा देण्याआधीचे सहा महिने

नोकरी सोडून एकट्यानं जग फिरायला निघणाऱ्यांची तयारी बहुतेक वेळा सामानापासून सुरू होते. सॅक किती लिटरची, बूट कोणते, कॅमेरा न्यावा की नाही. सामान शेवटच्या आठवड्यातही जमतं. जमत नाहीत ती नोकरीच्या आधारानं होणारी कामं. व्हिसा, क्रेडिट कार्ड, आरोग्यविमा, लसी ही सगळी कामं पगार चालू असताना सोपी असतात आणि राजीनाम्यानंतर एकेक करून अवघड होत जातात. म्हणून राजीनाम्याची तारीख मनाच्या उभारीवर ठरवू नये, हातात आलेल्या कागदांवर ठरवावी. त्यासाठी सहा महिने राखून ठेवा.

सुरुवात व्हिसापासून, कारण मार्ग नकाशावर नाही, व्हिसावर ठरतो. व्हिसा आधी काढावा लागतो अशा देशांच्या वकिलाती पगारपत्रकं, बँकेची स्टेटमेंट आणि कंपनीचं रजेचं पत्र मागतात. हा माणूस मुदतीत परत जाईल का, एवढंच त्यांना तपासायचं असतं. नोकरीत असताना खऱ्याखुऱ्या सुट्टीसाठी मिळालेला दीर्घ मुदतीचा व्हिसा बहुधा पुढेही वापरता येतो, तेव्हा असे व्हिसा आधीपासून जमवत जाणं शहाणपणाचं. पण राजीनामा दिलेला असताना अर्जात नोकरी आहे असं लिहू नका. खोटी माहिती उघड झाली तर नकार मिळतो, आणि ‘यापूर्वी व्हिसा नाकारला आहे का’ हा प्रश्न पुढच्या कित्येक अर्जांत विचारला जातो. नोकरी नसेल तर बचत, घर, कुटुंब आणि परतीचं तिकीट हे पुरावे द्या. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम आली तर संशय येतो, त्यामुळे प्रवासाचे पैसे आधीचे काही महिने एकाच खात्यात स्थिर दिसू द्या.

मधल्या वाटेवर दुसऱ्या देशातून व्हिसा काढू, हा बेत बऱ्याचदा इथेच कोसळतो. अनेक वकिलाती फक्त त्या देशात कायदेशीर वास्तव्य असलेल्यांचेच अर्ज घेतात. पर्यटकाला मायदेशातूनच अर्ज करायला सांगतात. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत एकाच व्हिसावर फिरू देणाऱ्या गटाचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. म्हणजे ज्यांना हा व्हिसा लागतो त्यांनी युरोप वर्षभराच्या प्रवासाच्या सुरुवातीला ठेवावा, नाहीतर मध्ये घरी यायची तयारी ठेवावी.

शेंगेनच्या ९०/१८० नियमात (१८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचं) तर अनुभवी माणसंही चुकतात. १८० दिवसांचा काळ तुमच्या प्रवेशाच्या तारखेपासून सुरू होत नाही. तो रोज पुढे सरकतो. ज्या दिवशी तुम्ही आत आहात तो दिवस धरून मागचे १८० दिवस मोजायचे आणि त्यात आत काढलेले दिवस ९० पेक्षा जास्त भरता कामा नयेत. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. समजा, १ मार्च ते २९ एप्रिल असे ६० दिवस राहून तुम्ही बाहेर पडलात आणि १ जुलैला परत आत आलात. आता ३० जुलैपर्यंतच राहता येईल. मार्चमधले दिवस हिशेबातून गळायला लागतात ते २८ ऑगस्टपासून, रोज एक. व्हिसावर त्याहून कमी दिवस छापले असतील तर तोच आकडा खरा. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर मध्येच आयर्लंडला जाऊन येणं म्हणजे तो संपवणं, कारण आयर्लंड आणि सायप्रस शेंगेनमध्ये नाहीत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे मात्र आहेत.

पासपोर्टची मुदत निघताना किमान दीड वर्ष उरलेली असावी. कित्येक देश प्रवेशाच्या वेळी सहा महिने शिल्लक मागतात, आणि वर्षभराच्या प्रवासात दहाव्या महिन्यातही ती अट पुरी व्हायला हवी. त्या देशातून बाहेर पडण्याच्या पुढच्या तिकिटाचंही तसंच. ते इमिग्रेशनच्या आधी विमान कंपनीच काउंटरवर मागते, कारण प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी तिच्यावर येते. रद्द करता येईल असं तिकीट काढा. बनावट तिकीट दाखवू नका.

पैशांचा हिशेब महिन्यांत करावा. एकूण बचतीतून आधी परतीचा निधी बाजूला काढा: घरी येण्याचं तिकीट आणि नवी नोकरी मिळेपर्यंतचे किमान चार ते सहा महिने. हे पैसे वेगळ्या खात्यात, ज्याचं कार्ड सोबत नाही अशा ठिकाणी ठेवा. मग अडीअडचणीचा वाटा काढा. उरलेल्या रकमेला महिन्यांनी भागा आणि आलेल्या आकड्यात एकटेपणाचा बोजा धरा, कारण खोलीचं भाडं, टॅक्सी, वाटाड्या यांत वाटेकरी नसतो. खर्च सगळ्यात जास्त वाढतो तो अंतरामुळे. एका देशात महिनाभर राहणारा आणि त्याच महिन्यात चार देश उरकणारा यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पहिल्या महिन्यात अंदाज हमखास चुकतो. तो महिना जास्त खर्चाचा धरूनच चला, पुढचे महिने त्यावरून मोजू नका. परदेशी एटीएमनं किंवा दुकानातल्या यंत्रानं ‘तुमच्या चलनात रक्कम घेऊ का’ असं विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलन निवडा. त्या रूपांतराचा दर ग्राहकाला जवळजवळ नेहमीच महाग पडतो. दोन वेगवेगळ्या बँकांची, दोन वेगळ्या नेटवर्कची (व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या) कार्डं घ्या आणि ती कधीही एका पाकिटात ठेवू नका. क्रेडिट कार्ड आणि त्याची वाढीव मर्यादा पगार चालू असतानाच मागून घ्या.

आता फोन. एकट्या प्रवाशाचा सगळ्यात मोठा धोका मला इथेच दिसतो, आणि तयारीच्या याद्यांमध्ये त्याला एखादीच ओळ मिळते. बँक, ईमेल, तिकिटं, नकाशे आणि घरच्यांचे नंबर एकाच यंत्रात असतात. ते चोरीला गेलं की शेजारी दुसरा फोन घेऊन बसलेलं कोणी नसतं. नवा फोन घेतला तरी ईमेल उघडत नाही, कारण ते जुन्या फोनवर खात्री मागतं. बँक ओटीपी पाठवते तो गेलेल्या सिमवर. बदली सिम मायदेशातच मिळतं. एकेक दार पुढच्या दाराची किल्ली मागत जातं.

यावर उपाय आहेत, पण ते घरी असतानाच करावे लागतात. निघण्याच्या दोन महिने आधी एक दिवस फोन बंद करून कपाटात ठेवा आणि दुसऱ्या कोणाच्या संगणकावरून स्वतःचं ईमेल, बँक आणि पासपोर्टची साठवलेली प्रत उघडून बघा. जिथे अडाल तिथे दुरुस्ती करा. ईमेलचे बॅकअप कोड (फोन नसताना खातं उघडून देणारे) छापून एक प्रत सॅकच्या आतल्या कप्प्यात आणि एक विश्वासातल्या माणसाकडे द्या. जिथे सोय असेल तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अॅप (फोनवरच कोड तयार करणारं) लावा आणि तेच अॅप दुसऱ्या, स्वस्त फोनवरही सुरू करा. घरचं सिम त्या दुसऱ्या फोनमध्ये रोमिंग चालू ठेवून घाला, वेळेवर रिचार्ज करा; न वापरलेला नंबर कंपनी काही काळानं बंद करते. रोजच्या फोनमध्ये स्थानिक सिम किंवा ई-सिम. दोन्ही फोन एका बॅगेत नकोत. तीन नंबर तरी तोंडपाठ असू द्या.

लसींचं वेळापत्रकही सहा महिन्यांचंच निघतं. हिपॅटायटिस बीचे तीन डोस नेहमीच्या क्रमानं ०, १ आणि ६ महिन्यांनी घेतात. पीतज्वराचं (यलो फीव्हर) प्रमाणपत्र लसीनंतर १० दिवसांनी वैध होतं आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. रेबीजची लस आधी घेऊन ठेवावी असं माझं ठाम मत आहे. चावा बसला की जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि डॉक्टर गाठायचा, हे लस घेतलेल्यालाही चुकत नाही. पण आधी लस झालेल्याला इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही, आणि दुर्गम भागात तेच मिळणं कठीण असतं. औषधं मूळ वेष्टनात न्या, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दी-खोकल्याच्या साध्या गोळ्यांवरही काही देशांत निर्बंध आहेत. जपान त्यांपैकी एक. दात तपासून घ्या, अर्धवट राहिलेलं काम पुरं करा.

प्रवास विमा घेताना रकमेपेक्षा अपवादांचं पान वाचा. सलग किती दिवसांचा प्रवास चालतो? घर सोडल्यावर मुदत वाढवता येते का? किती उंचीपर्यंतचा ट्रेक धरला आहे? आजारी माणसाला मायदेशी हलवण्याचा खर्च आहे का? सगळ्यात जास्त फसतात ते भाड्याच्या दुचाकीवर. ज्या गाडीचा परवाना नाही ती चालवताना झालेला अपघात बहुतेक पॉलिसी नाकारतात, आणि मोटारीच्या परवान्यावर मोटारसायकल चालत नाही. आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीच्या रकान्यात शिक्का आहे ना, आणि त्या देशात रस्ता-वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारातला परवाना चालतो की १९६८ च्या, हे निघण्याआधी तपासा.

एकटं असण्याचा खरा फरक आजारपणात पडतो, विशेषतः उंचीवर. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. विरळ हवेनं मेंदूवर परिणाम झाला की माणूस बरळतो, तोल जातो. त्याचं त्याला कळत नाही, सोबत्याला कळतं. सोबती नसेल तर वाटाड्या घ्या, नाहीतर मुक्कामाच्या जागी कोणाला तरी सकाळी दार वाजवायला सांगून ठेवा.

घरच्या एका माणसाशी लेखी ठरवून घ्या: निरोप कोणत्या वारी येईल, तो आला नाही तर किती तासांनी काळजी सुरू करायची, आधी मुक्कामाच्या ठिकाणी, मग वकिलातीत आणि विमा कंपनीच्या कोणत्या नंबरवर फोन करायचा. त्याच माणसाच्या नावे बँकेच्या आणि घराच्या कामांसाठी मर्यादित मुखत्यारपत्र करून ठेवा. परदेशातून ते करायला वकिलातीच्या फेऱ्या पडतात.

यातलं बहुतेक हातात आलं की मग राजीनामा. त्याआधी बिनपगारी दीर्घ रजा मिळते का, हे विचारून बघा, आणि मिळाली तर परतल्यावरचं पद व सेवेची सलगता लेखी घ्या. नाही मिळाली तर नोटीस चालू असतानाच अनुभवाचं पत्र, शेवटची पगारपत्रकं आणि कराचे कागद मागून घ्या. महिन्याभरानं परदेशातून मागितले तर उत्तरच येत नाही. बँक, विमा, भविष्यनिधी यांपैकी कशालाही ऑफिसचा ईमेल किंवा कंपनीनं दिलेला नंबर जोडलेला असेल तर तो शेवटच्या दिवसाआधी बदला. त्या संध्याकाळी ते खातं बंद होतं, आणि मग पासवर्ड बदलण्याचा निरोपसुद्धा तिथेच जातो.